अठरा पावलांवरची खोली

मी वनमालाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती पावलं मोजत होती.

१९५३ सालचा जून होता. शाळेतून निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली होती आणि मुलुंडला आग्रा रोडच्या आतल्या बाजूला, कानजी शेठच्या चाळीत मी एकटी राहत होते. चाळ बैठी, बारा खोल्यांची. अकरा भरलेल्या आणि बारावी कायम रिकामी, कारण तिच्यासमोरचा फरशीचा तुकडा ओलांडला की चाळीच्या संडासांची रांग लागे. त्या खोलीत भाडेकरू येत, नाकाला पदर लावून आठ-पंधरा दिवस काढत आणि जात.

त्या दिवशी शेठचे मेहताजी किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभे होते आणि तिशीच्या आतली एक किडकिडीत बाई त्या खोलीच्या उंबऱ्यापासून संडासाच्या दाराकडे चालत निघाली होती. तिचे ओठ हलत होते. दाराला हात लावून ती परत आली, तेव्हाही ओठ हलत होते. मग पुन्हा जाऊन तिने चारही संडासांची दारं एकेक करून लावून पाहिली.

"कडी आतून लागते ना सगळ्यांची?" तिने विचारलं.

"लागते की. पण बाई, लोक पाण्याचं विचारतात, उजेडाचं विचारतात. तुम्ही हे काय विचारता?" मेहताजी म्हणाले. "दोन महिन्यांनी त्या टोकाची खोली खाली होणार आहे. चांगली हवेशीर आहे. थांबता का?"

"नको. हीच द्या." आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखं ती म्हणाली, "अठरा."

मला वाटलं, हिच्या डोक्यात काहीतरी कमीजास्त आहे. चाळीतल्या बाकीच्यांनाही तसंच वाटलं, फक्त त्यांनी ते बोलून दाखवलं.

त्याच आठवड्यात ती राहायला आली. सामान थोडं होतं. एक शिवणाचं यंत्र, एक ट्रंक, स्टोव्ह, चार भांडी आणि संडासाला न्यायचं पत्र्याचं टमरेल. इतरांची टमरेलं दाराआड, मोरीच्या कोपऱ्यात असत. हिचं उंबऱ्याच्या बाहेर, पाण्याने भरलेलं, सदैव तयार. भांडुपच्या मुलींच्या शाळेत ती शिवण शिकवायची. सकाळी काही न खाता जायची आणि साडेपाचला येऊन ताकभात कालवायची. एवढंच तिचं खाणं.

ती त्या टमरेलासह दिवसातून किती वेळा अठरा पावलं चालते, हे चाळीच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. माझ्या शेजारची मालन जिभेची तिखट. नळावर पाण्याच्या वेळी वनमाला घागर टाकून घाईघाईने निघून गेली, तेव्हा मालन म्हणाली, "हिला आव झालीय, की पाण्याची रांग चुकवायला ही आव आणतेय, एक देवच जाणे!"

सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. शब्दावरची कोटी ऐकली की माझं भान सुटतं. चौतीस वर्षं मराठी शिकवल्याची ही खोड.

आमची ओळख झाली ती संडासाच्या रांगेत. एका सकाळी माझ्यामागे सात माणसं होती आणि सगळ्यांत शेवटी वनमाला उभी होती. चेहरा पांढराफटक, वरच्या ओठावर घाम, डोळे समोरच्या दारावर खिळलेले. ती कुणाला काही म्हणत नव्हती. वर्गात ज्या मुलीला फार त्रास होतो ती हात वर करत नाही, हे मला माहीत होतं. मी तिच्याजवळ गेले आणि म्हटलं, "माझा नंबर तू घे. मी तुझ्या जागी थांबते."

"बाई, दुकान काढलं का नंबराचं?" मागून कुणीतरी ओरडलं. "आम्हाला पण द्या ना एक!"

संध्याकाळी ती माझ्या दारात आली. हातात माझ्या उशीच्या मापाचा अभ्रा होता, कडेला बारीक निळी वेल काढलेली. माप तिने कधी घेतलं, मला कळलं नाही.

हळूहळू तिने सांगितलं. एका दमात नाही. एखादा धागा आज, एखादा पंधरा दिवसांनी. नवरा छातीच्या क्षयाने १९५१ मध्ये गेला होता. तो बोरिवलीचा. घरी सासू जानकीबाई, दीर नंदकुमार आणि जाऊ पद्मजा. पद्मजाला मूल नव्हतं. वनमालाला होती एक मुलगी, शुभा. नवरा गेल्यावर वर्षाच्या आत वनमालाला उजव्या कुशीत खाली दुखू लागलं. जेवलं की कळ यायची. दिवसाला आठ-दहा जुलाब, संध्याकाळी बारीक ताप, आणि वजन उतरत चाललेलं. जो डॉक्टर नवऱ्याला बघायचा तोच म्हणाला, "यांच्या आतड्यात उतरला असणार." तीन महिने स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं झाली. काही फरक नाही. वैद्य झाले, ते म्हणाले संग्रहणी. फरक नाही.

"सासूबाई वाईट नाहीत हो," ती म्हणाली. "त्यांनी डोळ्यांदेखत मुलगा जाताना पाहिला. एक दिवस माझ्या पाया पडल्या. म्हणाल्या, शुभाला वाचव गं, बरी होईपर्यंत लांब राहा. सासू पाया पडल्यावर मी काय बोलणार?"

"आणि शुभा?"

"तेव्हा तीन वर्षांची होती. मी निघाले तेव्हा झोपली होती. बाई, मी त्यांना सांगून आलेय. डॉक्टर लिहून देतील की हा क्षय नाही, आणि तुम्ही बोलवाल, तेव्हाच उंबरा ओलांडीन."

शुभाच्या चौथ्या वाढदिवसाला तिने फ्रॉक शिवून पाठवला. पद्मजाचं कार्ड आलं की सासूबाईंनी तो उकळत्या पाण्यातून काढला, त्यात रंग गेला, पण घातला आहे. त्यानंतर तिने फ्रॉक पाठवले नाहीत. शिवायची मात्र. शाळेत शुभाच्या वयाची एखादी मुलगी बघायची, तिचं माप घ्यायची आणि ट्रंकेत ठेवायची.

१९५४ च्या दिवाळीनंतर ती वर्गातच कोसळली. शाळेच्या मुख्याध्यापिकांच्या ओळखीने मुंबईतल्या एका मोठ्या इस्पितळात तिला दाखल केलं. तिथे विलायतेहून शिकून आलेले एक तरुण सर्जन होते. मी दर रविवारी जात असे. शेजारच्या खाटेवर कांजूरमार्गची प्रेमा म्हणून एक बाई होती. मालवणकडची. नवरा गिरणीत. तिलाही घरून संग्रहणी म्हणूनच पाठवलेलं. पण तिचं दुखणं रक्ताचं होतं. दिवसाला पंधरा-वीस वेळा जायची आणि प्रत्येक वेळी रक्त पडायचं. आवेवरची एमेटिनची इंजेक्शनं घेऊन घेऊन तिचे दंड टणक झाले होते.

खडूच्या पाण्यासारखं पांढरं औषध देऊन दोघींच्या आतड्यांचे फोटो काढले. डॉक्टरांनी मला विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?"

"शेजारीण."

"घरचं कुणी नाही?"

"आज तरी मीच."

त्यांनी फोटो खिडकीच्या काचेला धरले. प्रेमाचं मोठं आतडं एखाद्या सरळ नळीसारखं दिसत होतं. "मोठ्या आतड्याला नेहमी चुण्या असतात," ते म्हणाले. "या बाईंच्या सगळ्या चुण्या गेल्यात. याला अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात." मग वनमालाचा फोटो. लहान आतडं जिथे संपून मोठ्याला मिळतं, तिथे पांढऱ्या पट्ट्याचा एकदम बारीक धागा झाला होता. "इथे दोऱ्याएवढी वाट उरली आहे. हा बहुधा क्रोनचा आजार. रीजनल इलायटिसही म्हणतात."

वनमाला खाटेवरून सगळं ऐकत होती. चुण्या आणि दोरा हे तर तिचेच शब्द. तिने एकच प्रश्न विचारला, "हे माझ्यापासून माझ्या मुलीला होईल का?"

"प्रेमाबाईंचा काय आणि हा क्रोनचा काय, एकाचा दुसऱ्याला लागत नाही. पण..." डॉक्टरांनी फोटो पुन्हा काचेला धरला. "आतड्याचा क्षयही नेमका याच जागी बसतो आणि फोटोत असाच दिसतो. तुमच्या घरात क्षय होऊन गेलाय. वाट इतकी अरुंद झाली आहे की ऑपरेशन करावंच लागेल. काढलेला तुकडा तपासू. तोपर्यंत क्षय नाही असं मी लिहून देणार नाही."

डॉक्टर गेल्यावर वनमालाने अंगावरची चादर नीट केली. मग म्हणाली, "बाई, प्रेमाचा रोग मला झाला असता तर बरं होतं. तो क्षयासारखा दिसत तरी नाही."

पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा वनमाला प्रेमाला तिचा आणि आपला रोग समजावून सांगत होती. मांडीवर चिंध्यांची पिशवी होती.

"अस्तराचा कोट उसवून पाहिलायस कधी?"

"माका खयचो गो कोट!" प्रेमा म्हणाली.

"बरं, हे बघ. हे वरचं कापड, हे आतलं अस्तर. तुझं कापड शाबूत आहे. नुसतं अस्तर सोललंय. पण खालच्या टोकापासून सुरू होऊन सलग वर गेलंय, मध्ये बोटभर जागा धड नाही. आणि ते फक्त मोठ्या आतड्याला. माझं उलट. माझं अस्तर गेलं तिथे कापडपण गेलं, आरपार. पण सलग नाही. इथे चार बोटं खराब, मग वीतभर चांगलं, मग पुन्हा दोन बोटं खराब."

"मग खराब असा तेवढां कापून टाकूचां. तू शिवणाची बाई मगे!"

"टाकतील ना कापून. पण उरलेल्या चांगल्या कापडावर पुढे कधी, कुठे डाग पडेल, ते डॉक्टरांना पण सांगता येत नाही. तुझं बरं. ते मोठं आतडं सगळंच काढलं की रोगाला राहायला जागाच नाही."

"आणि मी हगूचां खयसून?" प्रेमाने इतक्या मोठ्याने विचारलं की वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला असलेली नर्स तोंडावर हात धरून हसू लागली.

त्याचं उत्तर डॉक्टरांनी प्रेमाच्या नवऱ्याला आधीच दिलं होतं. पोटाला उजव्या बाजूला छोटं तोंड ठेवायचं आणि त्यावर रबराची पिशवी बांधायची, जन्मभर. सल्फाच्या गोळ्यांचा उपयोग होत नव्हता, रक्त थांबत नव्हतं. दुसरा मार्ग उरला नव्हता.

जानेवारी १९५५ मध्ये आठ दिवसांच्या अंतराने दोघींची ऑपरेशनं झाली. प्रेमा शुद्धीवर आली, चार दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिली आणि पाचव्या दिवशी तिने खायला मागितलं. दीड वर्षात पहिल्यांदा तिचं पोट दुखत नव्हतं. रबराचा पट्टा कमरेला काचायचा. वनमालाने खाटेवर बसल्या बसल्या मऊ मलमलचा दुहेरी पट्टा शिवला आणि पिशवीवर घालायला एक गवसणी, जरा फुलांची.

"गो बाय, तुजा बरा," प्रेमा म्हणाली. "तुका पिशवी नाय."

"तुझं बरं. तुझा रोग संपला."

"होय गो. तुजो रोग पावणो. जातलो नि परत येतलो." आणि मग आपण काय बोलून गेलो ते कळून तिने वनमालाचा हात धरला.

वनमालाचं मन तिथे नव्हतंच. ती तपासणीच्या कागदाची वाट पाहत होती. तो तिसऱ्या आठवड्यात आला. त्या तुकड्यात क्षयाची एकही खूण सापडली नव्हती. क्रोनचा आजार, नक्की. तिने तो नर्सकडून दोनदा वाचून घेतला. मग मला म्हणाली, "बाई, फेब्रुवारी आहे ना? एप्रिलात शुभाला पाचवं संपेल. मग शाळेत घालायला हवी. भांडुपच्याच शाळेत घालते."

आता चुकीकडे येते. ती माझी आहे.

बोरिवलीला कळवायचं होतं. डॉक्टरांनी निकाल इस्पितळाच्या कार्डावरच लिहून दिला होता आणि ते कार्ड दर महिन्याला दाखवावं लागे, म्हणून पाठवता येत नव्हतं. वनमाला म्हणाली, "बाई, तुम्ही लिहा. तुमच्या शब्दाला वजन आहे. साधं लिहा, क्षय नाही म्हणून."

मी लिहायला बसले. रोगाला मराठीत नाव नव्हतं. क्रोनचा आजार असं लिहिलं तर त्या घरी कुणाला काय कळणार, उलट काहीतरी लपवतात असं वाटेल. संग्रहणी म्हणावं तर तो शब्द त्यांनी वैद्याकडून ऐकून सोडून दिलेला. आणि क्षय नाही असं लिहायला माझा हात धजेना. ज्या घरातला मुलगा त्या शब्दाने गेला, त्या घरी मी तो शब्द पुन्हा का पाठवू? नाही म्हणून पाठवला तरी शब्द तोच. म्हणून मी चांगला, शुद्ध, नेमका शब्द शोधला. क्षत. क्षत म्हणजे जखम. पत्र असं होतं:

"श्रीमती जानकीबाई यांस सप्रेम नमस्कार. चि. वनमाला हिच्या आतड्यास क्षत आहे, असे मोठ्या डॉक्टरांचे निदान आता नक्की झाले. शस्त्रक्रिया होऊन ती घरी आली आहे. चि. शुभाविषयी आता काय करावे, ते आपणांस सांगणे नलगे. आपण सुज्ञ आहात. अधिक काय लिहावे? लोभ असावा."

मला ते पत्र फार आवडलं होतं. वनमालाने वाचलं आणि म्हणाली, "क्षत म्हणजे?"

"जखम."

"मग जखमच लिहा ना."

"अगं, पत्राला काही रीत असते," मी म्हटलं.

उत्तर आलं नाही. मार्च गेला, एप्रिल गेला. वनमाला पोस्टमनच्या वेळेला घरी नसायची, पण शाळेतून आली की प्रथम उंबऱ्याच्या आत, दाराच्या फटीखाली बघायची. आणि मग टमरेल उचलायची. एकदा म्हणाली, "पद्मजाला मूल नाही ना. तिच्याकडून सोडवत नसेल. मी तिच्या जागी असते तर मलाही सोडवलं नसतं." मी म्हटलं, "मी जाऊन येते बोरिवलीला." ती म्हणाली, "नको. बोलावतील तेव्हाच, असं मी कबूल केलंय. तुम्ही गेलात म्हणजे मीच गेल्यासारखं."

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पहिलीच्या वर्गातल्या एका मुलीचं माप तिने घेतलं आणि पाचव्या वर्षाचा फ्रॉक शिवला. पुढच्या वर्षी सहाव्याचा. तब्येत बरी होती. गालावर मांस आलं होतं, मालनने तिला एकदा पुरणपोळी नेऊन दिली आणि ती तिने पचवली. चाळ आता तिला शिवणाच्या बाई म्हणू लागली होती. लोक दारात येत, कपडा टाकत, माप देत आणि जात. आत येऊन कुणी बसत नसे. त्या खोलीत बसायला नाक मरावं लागे. ती यंत्रावर बसलेली असे आणि तिच्यासमोर ते चार दरवाजे.

१९५७ च्या फेब्रुवारीत पाहुणा परत आला. तीच कळ, तोच ताप, पण आता थोडी वरच्या बाजूला. डॉक्टरांनी नवीन गोळ्या दिल्या, त्यांनी तिचं तोंड चंद्रासारखं गोल सुजलं. रविवारी मी तिच्याजवळ बसले होते. तिने ट्रंकेतले फ्रॉक काढून, झटकून, पुन्हा घडी करून ठेवले. त्या आठवड्यात मी तिला न विचारता बोरिवलीला गेले.

कौलारू, दोन खोल्यांचं घर. जानकीबाई तांदूळ निवडत होत्या. मी नाव सांगताच त्यांनी सूप खाली ठेवलं, मला पाट दिला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "अजून आहे का हो ती?"

"आहे म्हणजे? शाळेत शिकवते रोज."

"एवढा क्षय असून?"

"क्षय कुणी सांगितला तुम्हाला?"

"अहो, तुम्हीच की!" त्या चकित झाल्या. उठून त्यांनी पोथीचं फडकं सोडलं आणि त्यातून माझं पत्र काढलं. "नंदकुमार आणि पद्मजा बाहेर गेली होती. मी एकटीनेच वाचलं. निदान नक्की झालं, शुभाविषयी आपण सुज्ञ आहात. मी काय समजायचं? मी कुणाला दाखवलं नाही हो. नंदूला एवढंच म्हटलं, वहिनीचं तसंच आहे. तेव्हापासून रोज तिच्या नावाने एक अध्याय वाचते."

मी पत्र हातात घेतलं. माझंच सुरेख वळणदार अक्षर. त्या एका शब्दातल्या 'त'ला, टाक घाईत वळल्यामुळे, वरच्या बाजूला एक बारीक गाठ पडली होती आणि तो 'य'सारखा दिसत होता. जन्मभर मुलींच्या वह्यांतल्या अशा गाठी मी लाल शाईने सुधारल्या होत्या. आणि गाठ नसती तरी काय? मुलं न कळणारा शब्द आला की त्याच्या जागी ओळखीचा शब्द वाचतात. जानकीबाईंच्या घरात सहा वर्षं एकच शब्द ओळखीचा होता.

"जानकीबाई," मी म्हटलं, "हा क्षय नाही. कधीच नव्हता. जखम आहे." एवढंच, दोन वर्षांपूर्वी लिहायला सांगितलं होतं तसं.

त्यांनी पदर तोंडाशी घेतला. आतल्या खोलीतून सात वर्षांची एक बारीक मुलगी पाण्याचं फुलपात्र घेऊन आली, माझ्यासमोर ठेवलं आणि आत वळून म्हणाली, "आई, आजी रडतेय."

आतून पद्मजा आली.

मी संध्याकाळी मुलुंडला पोचले तेव्हा वनमाला जमिनीवर कापड पसरून कात्री चालवत होती. मी सगळं सांगितलं. कात्री थांबली नाही. खांद्याचा गोल पुरा कापून झाल्यावर तिने विचारलं, "म्हणजे त्यांनी नाही म्हटलं नव्हतं?"

"नाही."

"आणि मी पद्मजाला मनातल्या मनात किती बोलले!" ती कापलेला तुकडा उलटसुलट करत राहिली. मग म्हणाली, "बाई, मी म्हटलं होतं ना, साधं लिहा."

त्यात राग नव्हता. त्यानंतर तिने तो विषय कधी काढला नाही. मी माफी मागितली तेव्हा ती चहा टाकायला उठली.

पुढच्या रविवारी ते सगळे आले. शुभा पद्मजाचा पदर मुठीत धरून होती. वनमाला उंबऱ्याच्या आत उभी राहिली, पुढे झाली नाही. इतक्या वर्षांची सवय. पद्मजाच रडत पुढे आली. "वहिनी, मला काकूच म्हण, असं मी तिला शिकवलं होतं हो. ती ऐकतच नाही."

"असू दे," वनमाला म्हणाली. "शुभा, तुला फ्रॉक दाखवू?"

सातव्या वर्षासाठी शिवलेला अंगात घातला तर खांद्यावरून घसरला. सहाव्याचाही सैल. पाचव्या वर्षाचा बसला, अगदी मापात. वनमालाचा चेहरा उतरला. "एवढी बारीक का? जेवल्यावर पोट दुखतं का हिचं? ताप येतो का संध्याकाळी?"

"नाही हो वहिनी," पद्मजा म्हणाली. "भावोजींसारखं हाड आहे. खाते चांगली."

"नक्की?"

"नक्की."

शुभाने फ्रॉकच्या घेराला हात लावून एक गिरकी घेतली आणि विचारलं, "दारात टमरेल का ठेवलंय?"

"मला पळत जावं लागतं कधीकधी," वनमालाने सांगितलं. "अठरा पावलं आहेत. मोजून बघ."

मुलगी पळत गेली आणि परत आली. "सव्वीस!"

नंदकुमार म्हणाले, "वहिनी, तुम्ही सांगाल तसं. हिचं सामान पुढच्या रविवारी आणून देतो." पद्मजा खाली बघत होती. वनमालाने सैल झालेले फ्रॉक घडी करून ट्रंकेत ठेवले. ते निघताना म्हणाली, "तिकडेच राहू दे."

ते गेल्यावर मी विचारलं, "असं का केलंस? चार वर्षं तू याचीच वाट पाहिलीस."

"प्रेमाचं संपलं, बाई. माझं नाही संपत. उद्या पुन्हा पोट उघडायची वेळ आली तर तिला पुन्हा उचलून तिकडे देऊ? एकदा दिली, तेव्हा ती झोपेत होती. आता जागी आहे."

या गोष्टीला दोन वर्षं झाली. प्रेमा कांजूरमार्गला असते, बोंबील खाते, आणि दर चार महिन्यांनी नव्या पट्ट्यांसाठी येऊन वनमालाच्या खोलीत तासभर बसते. त्या खोलीत बसणारी ती आणि मी, दोघीच. डॉक्टर आता इतर रोग्यांनाही पट्ट्यासाठी वनमालाकडे पाठवतात. हवेशीर खोली मध्ये दोनदा रिकामी झाली. वनमालाने घेतली नाही. गोळ्या चालू आहेत.

शुभा नऊ वर्षांची आहे. पद्मजाला आई म्हणते आणि वनमालाला मुलुंडची आई. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ती सकाळी येते आणि पाच वाजता नंदकुमार तिला न्यायला येतात.